बिमार कम्प्युटरची भेट

आईची तेवीस गाणी छापून आली असती, तर बापूराव रामटेके गुरुजींच्या पदरात काय पडलं असतं, याचा अंदाज त्यांनी स्वतःच आधी बांधून ठेवला होता. गाणी अंजनाबाईची, पण पुस्तकावर 'संग्राहक व संपादक' म्हणून नाव बापूरावांचं. ते आईच्या नावापेक्षा थोडं ठसठशीत यावं, हे त्यांनी छापणाऱ्याला आडून सुचवूनही झालं होतं. पुस्तक आलं म्हणजे पुढच्या चौदा एप्रिलला ब्रह्मपुरीच्या मंचावर खुर्ची आली. आणि ज्याचा उच्चार त्यांनी कुणापाशी केला नव्हता तो लाभ म्हणजे मेहुण्याचं उतरलेलं तोंड. मेहुणा धनराज कवी होता. स्वतःच काढलेले दोन कवितासंग्रह तो गेली नऊ वर्षं प्रत्येक लग्नात आहेर म्हणून देत आला होता.

एवढ्या मिळकतीसाठी बापूरावांनी काय घातलं होतं? मनोगत. अकरा पानं, शाळेत फळ्यावर सुविचार लिहायचे त्या वळणदार अक्षरात. गाणी मात्र त्यांनी एकही उतरवून घेतली नव्हती. "कम्प्युटरमंदी आहेत ना, जातेत कुठी?" असं ते म्हणायचे.

कम्प्युटर म्हणजे मुलाचा, अश्वजितचा लॅपटॉप. अश्वजित पुण्याला कंपनीत होता. त्याने रूममेटकडून गेम खेळायला म्हणून तो जुना घेतला होता. चांगला जाड, पाटासारखा जड, चालू केला की कडेला लाल दिवे लागायचे आणि आतला पंखा घोंघावायचा. कंपनीने त्याला नवा दिला तेव्हा हा त्याने २००८च्या दिवाळीत गावी आणून ठेवला आणि त्याच सुट्टीत आजीला समोर बसवून तिची गाणी त्यात भरून घेतली. छप्पन साली चांद्याला बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला वैनगंगेकाठच्या या गावातून बाया पायी गेल्या होत्या. ती वाट, ते पायाचे फोड, परत आल्यावर विहिरीवर झालेलं भांडण, सगळं अंजनाबाईने गाण्यात बांधलं होतं. धानाच्या रोवणीला ती पुढे म्हणायची आणि बाकीच्या बाया मागून ओढायच्या. लिहिता तिला येत नव्हतं.

फाल्गुनात तिला लकवा झाला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. आता ती समोरच्या खोलीत बाजेवर पडून सगळ्यांकडे पाहत असायची. त्याच खोलीत टेबलावर, विणलेल्या रुमालाखाली लॅपटॉप होता, कारण घरात चालू असलेलं प्लगाचं बटन तिथेच होतं.

एप्रिल संपता संपता छापणाऱ्याचा निरोप आला की जूनच्या आत मजकूर द्या. तेव्हा कुठे बापूराव कागद घेऊन लॅपटॉपपुढे बसले. पहिलंच गाणं मध्येच अडकलं. आतून टिक, टिक, टिक, मग घर्रर्र. पडद्यावरचा बाण गोठला.

मुलगी नूतन ब्रह्मपुरीच्या कॉलेजात बीएस्सीला होती. तिने भावाला फोन लावला. अश्वजितने आवाज ऐकवायला सांगितला, नूतनने मोबाइल लॅपटॉपच्या पोटाला लावला.

"डिस्क चालली," अश्वजित म्हणाला. "दुसरं काही करू नको. आधी गाणी पेनड्राइववर घे."

नूतनने मैत्रिणीचा पेनड्राइव मागून आणला. एक गाणं उतरायला अर्धा तास. दोन उतरली, तिसरं निम्मं झालं आणि लाइन गेली. लोडशेडिंगची वेळ चारची होती, गेली पावणेचारला. लॅपटॉपची बॅटरी केव्हाचीच मेलेली, त्यामुळे लाइन गेली की तोही डोळे मिटायचा. सहा महिने तो दिवसातून दोनदा असाच धाडकन बंद पडत आला होता. लाइन आल्यावर तो पुन्हा उठला तो निळा पडदा घेऊन, कसली तरी तपासणी करत. बारा टक्के. तासाभराने बारा टक्केच.

नूतनने पुन्हा फोन लावला.

"बाबाला दे," अश्वजित म्हणाला. "बाबा, आता ऐका. आत एक तबकडी असते, तिच्यावर सुई फिरते, असं समजा. ती सुई खरडून राह्यली. जितक्यांदा चालू कराल तितकी गाणी खरवडून निघतील. मी बुद्धपौर्णिमेला येतो. डिस्क काढून दुसऱ्या मशीनले लावतो, बरंचसं निघंल. तवरक बटनाले हात लावू नका. एकदा पण नाई."

"नाई लावत," बापूराव म्हणाले. छत्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला एवढी सूचना कळत नाही असं नव्हतं. अकरा दिवस बटन दाबायचं नाही, एवढंच काम होतं.

"बाबा, पेटीत घालून कुलूप लावू का?" नूतनने विचारलं.

"पेटीत? लोकं काय म्हनतीन? गुरुजीनं लपवून ठेवलं म्हनतीन."

इथेच मेख होती. या गावात कुणी बिमार पडलं की पाहायला जायचं, आणि पाहायला आलेल्याला बिमार दाखवायचा, हा नेम. दारातून परत पाठवलं तर घरात काहीतरी झाकायचं आहे असा अर्थ. बापूरावांनी स्वतः आयुष्यभर हा नेम पाळला होता. कुणाचा दमा, कुणाचं बाळंतपण, इतकंच काय, दादाजीचा बैल बसला तेव्हाही ते गोठ्यात जाऊन बैलाच्या डोळ्यांत पाहून आले होते, आणि दादाजीने बैलाला उठवून दाखवावं असा आग्रह त्यांनीच धरला होता.

तो दादाजी दुसऱ्याच दिवशी आला. तलावावर मासे धरणारा माणूस, खांद्यावर जाळं तसंच. बाजेपाशी उभा राहून त्याने अंजनाबाईची चौकशी केली, "बरी हायेस ना वं माय?" म्हणाला, आणि मग टेबलाकडे वळला.

"कंप्युटरची तब्येत बिघडली म्हंते जी, गुरुजी?"

"हो ना. डिस्क गेली."

"पाहू द्या ना जी."

"चालू नोको करू म्हंते पोरगा."

दादाजी हसला. "माझा बैल पाहाले आलते तवा मीबी म्हटलं होतं, नोको उठवा."

गुरुजींनी लॅपटॉपवरचा रुमाल बाजूला केला. त्यांनी बटन दाबलं. लाल दिवे लागले, पंखा घोंघावला, टिक टिक सुरू झाली. दादाजीने कान लावला, डोळे मिटले.

"गळाले डोमडा मासा लागला का असाच हिसके देते," तो गंभीरपणे म्हणाला. "हळू ओढा. तुटंल नाई तं."

निदान वाईट नव्हतं. ते ऐकून गुरुजींनी बंद करायला हवं होतं, तर ते दादाजीला पडद्यावर गेमच्या गाडीचं चित्र येईपर्यंत थांबा म्हणाले, कारण दादाजीने ते पाहिलं नव्हतं.

मग रांगच लागली. लोक आधी अंजनाबाईपाशी दोन मिनिटं उभे राहायचे आणि मग कम्प्युटरपाशी अर्धा तास. म्हाताऱ्या बाईला लकवा होतो हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं, कम्प्युटरचा आजार गावाला नवा. एकजण म्हणाला मुंग्या गेल्या असतील, दुसरा म्हणाला उन्हाने तापला, ओलं फडकं ठेवा. एकाने नजर काढायला सांगितलं. त्याला बापूरावांनी अंधश्रद्धेवर दहा मिनिटं सुनावलं, आणि बोलता बोलता, नजरेचा काही संबंध नाही हे सिद्ध करायला, बटन दाबलं.

मोठ्यांपुढे, त्यात पाहुण्यांपुढे, नूतन काय बोलणार? टिकटिक सुरू झाली की ती उठून भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलने एक रेघ मारायची. बापूरावांना वाटलं, पोरगी दुधाचा हिशेब ठेवते आहे.

एकदाच ती म्हणाली, "बाबा, दादा काय म्हणाला ते आठवते ना?"

"आठवते वं. पण मानूस दारात आला तं त्याले काय हाकलू?"

आणि खरंच, काय करणार होते? नाही म्हणायचा शब्द तोंडात यायचा, आणि समोरचा माणूस उन्हातून आलेला, कपाळाचा घाम पुसत उभा असायचा. शब्द गिळला जायचा. रोज संध्याकाळी ते ठरवायचे की उद्यापासून नाही. रोज सकाळी दाराची कडी वाजायची.

सातव्या दिवशी रुखमा आली, अंजनाबाईची रोवणीतली जोडीदारीण. काठी टेकत आली, बाजेवर बसून अंजनाबाईचा निर्जीव हात आपल्या मांडीवर घेतला.

"बापू, तिचा आवाज हाये म्हंते तुझ्यापाशी. ऐकव ना रे बाबू एकडाव."

बापूरावांनी अश्वजितचं बोलणं सांगितलं. रुखमाने मान डोलावली. "नोको बाबा मंग," ती म्हणाली, पण उठली नाही. हात तसाच मांडीवर ठेवून लॅपटॉपकडे पाहत बसली.

पाहणारी पाहत राहिली की नाही म्हणणाऱ्याचं काय उरतं! बापूरावांनी बटन दाबलं. वीस मिनिटांनी गाडीचं चित्र आलं. गाण्यावर बाण नेऊन दाबलं. टिक, टिक. दुसऱ्या गाण्यावर दाबलं. टिक. रुखमा कान देऊन होती. तिला वाटलं गाण्याआधीचा ठेकाच चालू आहे.

"मावशी, तुले येत असतीन ना ही गानी?" बापूरावांनी एकदम कागद पुढे ओढला. "तू तं संग होतीस. सांग, मी लिवून घेतो."

"मले?" रुखमा म्हणाली. "मी मागून ओढत होती रे. 'सोड बाई सोड', एवढंच मले येते. पुढचं सारं हिचं. एकेकीचं नाव घेऊन म्हने, दरसाल नवीन कडवं जोडे. आमाले काय मालूम, आवाज जाते म्हून?"

अंजनाबाईचा डावा हात चादरीवर हलला. दोघांनी तिकडे पाहिलं. ती काय सांगत होती ते कुणाला कळलं नाही.

त्या रात्री बापूरावांनी लॅपटॉप रुमालात बांधून सुतळीची गाठ मारली. दोन दिवस गाठ टिकली. तीन माणसं चहा घेऊन, गाठ पाहून गेली. बापूरावांना हलकं वाटलं, आणि थोडं चुकल्यासारखंही.

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी ब्रह्मपुरीहून धनराज आला. बहीण, म्हणजे बापूरावांची बायको, वारल्यापासून तो या घरी क्वचित यायचा, पण बातमी त्याला ओढून घेऊन आली. बाजेपाशी त्याने हात जोडले, मग सुतळीकडे पाहिलं.

"भाऊजी, हे काय बांधून ठेवलं जी? मी तं ऐकलं, गानी गेली म्हून."

"गेली नाई. उद्या अश्वजित काढते."

"असतीन तं काढंल." धनराज चहा फुंकत म्हणाला. "तेवीस म्हनता तुमी. बाईचं वय झालं होतं, तिले एवढी आठवत असतीन? असं होते जी. मानूस तेवीस म्हनते, दोन-तीन निंघतेत. मनोगत मातर अकरा पानांचं झालं म्हंतेत. ते चांगलं झालं. तेवढंच छापा."

नूतन दारात उभी होती. तिने मानेनेच नको म्हटलं. बापूरावांनी ते पाहिलं. पाहूनही त्यांची बोटं सुतळीच्या गाठीशी गेली. या वेळी नेम आडवा आला नव्हता, उन्हातून आलेलं गरीब माणूसही समोर नव्हतं. फक्त तेवीस नावांची यादी धनराजला पडद्यावर दाखवायची होती. गाणं लावायचं नाही, नुसती यादी.

लाल दिवे लागले. पंखा घोंघावला. टिक, टिक, टिक, आणि मग एक लांब खरवडल्यासारखा आवाज, पातेल्याच्या तळाशी उलथणं फिरवावं तसा. पडदा काळा झाला. त्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांची एक ओळ उमटली. बापूरावांनी ती दोनदा वाचली. यंत्राला आत डिस्कच सापडत नाही, एवढाच तिचा अर्थ होता. टिकटिकही थांबली होती.

"मी म्हटलं नव्हतं का जी?" धनराज म्हणाला. पण त्याच्याही आवाजात जोर नव्हता. चहा अर्धा ठेवून तो उठला.

दुसऱ्या दिवशी अश्वजित आला. त्याने पाठीचे स्क्रू काढून डिस्क बाहेर घेतली, सोबत आणलेल्या वायरने दुसऱ्या लॅपटॉपला जोडली. काही नाही. तळहातावर धरून कानाशी नेली. काही नाही. बापूराव त्याच्या मागे उभे होते, पोरं परीक्षेचा निकाल ऐकायला उभी राहतात तसे.

"किती वेळा चालू केलं, बाबा?"

"चार-पाचदा असंल," बापूराव म्हणाले.

नूतन कॅलेंडर काढून घेऊन आली. अश्वजितने रेघा मोजल्या. चौतीस.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने कॅलेंडर परत खिळ्याला लावलं आणि पेनड्राइव मागितला.

निम्मं उतरलेलं तिसरं गाणं त्याने आधी लावलं. ते चांद्याच्या वाटेचंच निघालं. खोलीत अंजनाबाईचा आवाज आला, दिवाळीतला, खणखणीत:

"चांद्याची वाट बाई, पायाले फोड,
पानी मागाचं भेव आता सोड..."

दोन कडवी झाली आणि तिसऱ्याच्या ऐन मध्यात आवाज कापल्यासारखा थांबला. बाजेवर अंजनाबाईचा डावा हात चादरीवर ताल धरून होता. गाणं थांबलं तरी हात थांबला नाही. तिसरं कडवं, चौथं, कदाचित पाचवंही, ती मनातल्या मनात म्हणत गेली, डोळे बापूरावांवर ठेवून. बापूराव कागद-पेन्सिल घेऊन बाजेशी बसले होते. त्या बोटांवरून काय लिहून घेणार?

आता कुणाचं काय गेलं ते पाहू. दादाजी आणि बाकीच्यांचं काही गेलं नाही, त्यांनी नेम पाळला. धनराजचं काही गेलं नाही, फक्त त्या उन्हाळ्यातल्या लग्नांत त्याने आहेरात पुस्तक दिलं नाही म्हणतात. अश्वजितची सुट्टी गेली. बापूरावांचं पुस्तकावरचं नाव गेलं, खुर्ची गेली, मनोगताची अकरा पानं तेवढी उरली. आणि साडेवीस गाणी गेली. ती अंजनाबाईची होती. चौतीस वेळा बटन दाबलं गेलं तेव्हा ती हाताभराच्या अंतरावर जागी होती, आणि एकाही वेळी तिला कुणी विचारलं नव्हतं.