गाडी डावीकडे ओढते

...हेडफोनच्या कानावरचा स्पंज फाटला होता आणि त्याचे काळे कण बोटांना चिकटत होते; ती ते टेबलाच्या कडेला पुसत होती आणि कानात एक दंतवैद्य सांगत होते की गाडी अगदी लोण्यासारखी वळते, मॅडम, एका बोटानं स्टीअरिंग फिरवतो मी, घरात माझं ऐकणारी एवढी एकच वस्तू आहे. ती नियमाप्रमाणे हसली. नियमाप्रमाणेच तिनं विचारलं, वळणावर गाडी कलते का, जोरात ब्रेक दाबला तर सरळ राहते का... आणि मग तो प्रश्न, जो नियमात कुठेच नव्हता आणि गेला महिनाभर ती स्वतःच्या पदरचा घालून प्रत्येकाला विचारत होती – गाडी डावीकडे ओढते असं कधी वाटलं का तुम्हाला?

"छे हो," दंतवैद्य म्हणाले. "सुतासारखी सरळ जाते."

छे हो. सगळ्यांचं आपलं छे हो. कंपनीची ही छोटी गाडी घेतलेल्यांना काही महिन्यांनी फोन करायचा आणि ती हातात कशी वाटते ते विचारायचं, हे तिचं काम. आणि लोक काही कमी बोलतात असं नव्हतं. मोठ्या रस्त्यावर वारा सुटला की हलकी वाटते, मागे बसलेल्याला प्रत्येक खड्डा कळतो, क्लच जरा वरच लागतो, माझ्या सुनेच्या हातात बरी चालते आणि माझ्या हातात अडते... नाकं मुरडायची हौस प्रत्येकाला. एका बाईंनी तर गाडीबद्दल सांगता सांगता नवऱ्याचीच तक्रार केली होती, वळण आलं की हा आधी घाबरतो आणि मग गाडीला नावं ठेवतो. पण डावीकडे? डावीकडे कोणाचीच ओढत नव्हती. ओढत होती ती फक्त बाबांची.

बाबांनी हीच गाडी घेतली ती तिच्याच शब्दावर. मोटार शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. शहरातली निम्मी माणसं त्यांची बोलणी खाऊन रस्त्यावर आली होती, तीसुद्धा. अजूनही चौकात कोणी काच खाली करून "सर!" म्हणून हाक मारी आणि बाबा नुसती मान हलवत, पण मग घरी येईपर्यंत त्यांची मान ताठच असे. अशा माणसाच्या गाडीला डाव्या दारावर ओरखडा आला. मग डावा आरसा मोडला. मग शाळेच्या फाटकाचा खांब – तोही डावाच. "ओढते," बाबा म्हणाले. "मी सरळ धरतो, ती डावीकडे ओढते." गॅरेजवाल्यानं दोनदा चाकं तपासली आणि तिला बाजूला घेऊन सांगितलं, ताई, चाकं सरळ आहेत. पुढचं बोलायची गरज नव्हती. डोळे दाखवून येऊ या म्हटलं की बाबा म्हणत, चष्मा नवा आहे, आणि पेपर उघडून बसत.

आणि मागच्या आठवड्यात एका सकाळी, ती घाईघाईनं चप्पल घालत असताना, पेपरमधून डोकं वर न काढता त्यांनी विचारलं होतं, "तुझ्याशी तर रोज लोक बोलतात. काय म्हणतात ते? त्यांच्याही गाड्या ओढतात का?"

हो बाबा, हो... बरेच जण म्हणतात.

इतकं सहज निघालं तोंडातून. बाबांचा चेहरा मोकळा झाला, "बघ, मी म्हणत नव्हतो!" – आणि तीही मोकळी झाली, खोटं कशाला बोला. त्यांचं मन राखलं म्हणून बरं वाटलं, हे ती स्वतःला दिवसभर सांगत होती, आणि संध्याकाळपर्यंत ते तिला जवळजवळ पटलंही होतं. फक्त जवळजवळ. कारण नवरा नोकरीसाठी दूर, आणि ऑफिसातून भर दुपारी उठून जाता येत नाही. मुलीला शाळेतून आणतात ते बाबा. मग अंधार पडायच्या आत तिलाही घ्यायला येतात. बाबांनी गाडी सोडली तर सगळी घडीच विस्कटणार होती. मग मन राखलं ते कोणाचं?

समोर पुढचा नंबर लागला होता. कानात कोणी तरी "हॅलो, हॅलो" करत होतं.

संध्याकाळी गाडी ऑफिसच्या फाटकाशी आली, रस्त्याच्या कडेपासून नेहमीपेक्षा लांब उभी राहिली. मुलगी मागे बसली होती, डाव्या खिडकीशी. "आई, आज एक झुडूप आत यायला बघत होतं!" ती खिदळत म्हणाली. काचेवर हिरवा पट्टा उमटला होता, तिच्या गालाच्या उंचीवर.

ती पुढे, बाबांच्या डाव्या हाताला बसली. बाबांनी गिअर टाकला. तो हात अजून तसाच, न चाचपडता जाणारा. उभ्या गाड्यांची रांग डावीकडून जवळ येत गेली, आणि तिचा पाय आपोआप खाली दाबला गेला. शिकवायच्या गाडीत डावीकडेही ब्रेक असतो, शिकवणाऱ्याच्या पायाशी. बाबांनी आयुष्य त्या जागेवर काढलं, दुसऱ्यांच्या चुका वेळेवर दाबत. इथे तिच्या पायाखाली नुसती रबरी चटई होती.

"आज कोणी म्हणालं का, ओढते म्हणून?" बाबांनी विचारलं. हल्ली रोज विचारत.

"नाही." आणि मग, थांबायच्या आत, "आजही नाही आणि याआधीही नाही. कोणीच कधी म्हणालं नाही, बाबा."

सिग्नल लाल झाला. बाबांनी गाडी हळूच, शिकवल्यासारखी थांबवली.

"माहीत आहे," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"तू दोनदा हो म्हणालीस ना, तेव्हाच कळलं. एकदा म्हणाली असतीस तर फसलो असतो."

"मग चालवता कशाला?" तिचा आवाज चिरकला. "हिला मागे बसवून?"

"माझ्याच्यानं सोडवेना गं. म्हटलं, तुला विचारावं. तू नाही म्हणालीस की ठेवून देऊ किल्ली." ते समोर बघत होते. "तू हो म्हणालीस. मग वाटलं, हिचं मूल बसतं गाडीत, तरी ही हो म्हणते... म्हणजे तेवढं बिघडलं नसेल."

"काय बिघडलं, आजोबा?" मुलीनं मागून विचारलं.

तिनं हात मागे नेऊन मुलीच्या गुडघ्यावर ठेवला. तिला राग आला, भयंकर राग, आणि तो कोणाचा हे शोधू गेल्यावर हाताला काहीच लागेना. त्यांनी गाडीचं विचारलंच नव्हतं. पेपरमागे तोंड लपवून त्या माणसानं तिच्याजवळ सुटका मागितली होती, आणि ती चप्पल घालत होती... दिवा हिरवा झाला, मागचा हॉर्न वाजवू लागला. बाजूला घ्या, मी चालवते – एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आले होते. आणि या क्षणीही, त्या शब्दांच्या आधी, तिच्या मनात आलं ते हे की मग उद्या दुपारी शाळेत कोण जाईल. आणि तिला बाबांच्या डोळ्यांपेक्षा स्वतःचीच भीती वाटली.