दोन बोटं कापड

कापसाला भाव उरला नाही, तशी आर्णीत नवं कापड घेणारी माणसंही उरली नाहीत. बेबीताईंचं शिलाई मशीन ऐन दिवाळीत झाकून होतं. आणि पलीकडच्या गल्लीत प्रेरणाच्या दारात मात्र चपलांचा ढीग! बाया विटक्या साड्यांची बोचकी घेऊन यायच्या आणि नवेकोरे दिसणारे कुर्ते, जाकिटं घेऊन मिरवत जायच्या. हीच प्रेरणा चार वर्षांपूर्वी बेबीताईंकडे काजं-बटणं करायला होती. बेबीताईंच्या पोटात दुखायचं. ते त्या कबूलही करायच्या, पण फक्त स्वतःशी. चारचौघांत म्हणायच्या, "चिंध्या जोडते अन् म्हणे डिझाइन!"

खरा घाव घातला तो पोटच्या पोरीनं. नागपूरला नर्सिंग शिकणाऱ्या पायलचं लग्न ठरलं. तिचा ड्रेस बेबीताईंनी मनातल्या मनात दहादा बेतून ठेवला होता. पायलचा फोन आला, "आई, तुह्या जुन्या साड्या प्रेरणावहिनीले दे. स्वागत समारंभाचा ड्रेस मले तिच्याच हातचा पाहिजे."

दिल्या साड्या. काय करतात! प्रेरणा माप विचारायला आली तेव्हा बेबीताईंनी मापांची वही उघडली. पायलच्या नावापुढे छाती चौतीस होती. त्यांनी बत्तीस सांगितली. जीभ जराही अडखळली नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी बेबीताईंच्याच घरी पायलनं ड्रेस घालून पाहिला. तीन साड्यांचे काठ असे जुळवले होते की बेबीताईंना स्वतःची साडी ओळखू येईना. पण जाकिटाचे हुक काही केल्या लागेनात. जमलेल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. बेबीताईंना आतून गुदगुल्या झाल्या. मग पायलचे डोळे भरले, आणि त्या गुदगुल्या जागीच विरल्या.

"रडू नको, मावशीनं सांगितलेलं माप मीच चुकून बत्तीस ऐकलं असन," प्रेरणा म्हणाली. तिनं जाकीट उलटं करून बगलेची शिवण उसवली. आत दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं कापड दुमडून ठेवलेलं होतं.

"एवढं कापड कायले सोडलं वं आत?" शेजारच्या मानीबाईंनी विचारलं.

"मावशीनं शिकवलं. माप कोणीही सांगो, दोन बोटं आत ठेवायचीच."

सगळ्या बेबीताईंकडे वळून वाहवा करू लागल्या. वर्षभर याच कौतुकासाठी त्या जळत होत्या. आता एकेक शब्द सुईसारखा टोचत होता. त्या खाली बसून उसवलेले दोरे वेचू लागल्या.

जाकीट नीट बसलं. पायलनं आधी प्रेरणाला मिठी मारली, मग आईला म्हणाली, "वहीत जुनंच माप असन, आई. थांब, मीच नवं लिहून देतो."

"राहू दे वं," बेबीताई घाईनं उठल्या.

पण पायलनं मशीनखालची वही काढली होती. पान सापडलं, तसं तिचं हसू थांबलं. वहीत, आईच्याच अक्षरात, चौतीस लिहिलेलं होतं.