मेंढरं पाणी का पीत नव्हती

सतरा वर्षं मी वीज तपासनीस म्हणून मराठवाड्यात फिरलो. त्यातली निदान दहा तरी लोकांच्या घरात नि कारखान्यात नको तिथं नाक खुपसण्यात गेली. माझी बायको नर्मदाबाई म्हणायची, सरकारनं पगार दिला नसता तरी तुम्ही हेच केलं असतं. खोटं नव्हतं. एखादी गोष्ट तशी का आहे, हे कळल्याशिवाय मला जेवण जात नाही. पण तेराशे पन्नास फसलीत, बहमन महिन्यात, म्हणजे इंग्रजी चाळीस साल सरता सरता, सेलूला मी आधी सही केली आणि नाक मागाहून खुपसलं. त्याची मला अजून लाज वाटते.

आबासाहेबांची जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, स्टेशनापासून अर्ध्या कोसावर. मोठं तेलाचं इंजिन, त्यावर कापसाची यंत्रं, आणि त्याच इंजिनाला जोडलेल्या डायनामोवर दिवे नि विहिरीवरची पाण्याची मोटर. मोटर विहिरीतून पाणी ओढून लोखंडी नळानं फाटकाजवळच्या लोखंडी हौदात सोडायची. कापसाच्या गाड्यांचे बैल तिथं पाणी प्यायचे. हंगाम ऐन भरात होता आणि वर्षाची तपासणी करून कागद दिल्याशिवाय वीज वापरायची परवानगी नव्हती, म्हणून आबासाहेब सकाळपासून माझ्या मागंमागं होते.

नियम असा की यंत्रं बंद करून तारा तपासायच्या. तशा तपासल्या. मेगर नावाची आमची पेटी असते. तिचा दांडा फिरवला की काटा सांगतो, तारेवरचं वेष्टण धड आहे की नाही. काटा हवा तिथं गेला. मोटरच्या अंगावरून जमिनीत उतरणारी तांब्याची पट्टी पाहिली. तार फुटून वीज चुकून मोटरच्या अंगावर आली, तर माणसाला न शिवता ती या पट्टीनं जमिनीत जावी, एवढंच त्या पट्टीचं काम. पट्टी जागेवर होती, बोल्ट घट्ट होता, आणि मोटरला तर असा झकास लाल रंग दिला होता की मी लिंबाजी फिटरची पाठ थोपटली. ‘वीजजोडणी निर्दोष’ असं लिहून सही केली, शिक्का मारला.

आबासाहेबांनी कागद दोनदा वाचला. चांगल्या शेऱ्याचा आनंद होतो माणसाला, पण यांना जरा जास्तच झालेला दिसला.

“आता बगतो त्याच्याकडं,” ते म्हणाले.

“कुणाकडं?”

“काई न्हाई साहेब, गावातला मामला हाय. तुमी च्या घ्या.”

चहा घेतला. गाडीला दोन तास होते. पेटी स्टेशनावर पुढं पाठवून मी पायीच निघालो, तर फाटकाबाहेर लिंबाखाली एक मेंढपाळ नवराबायको बिऱ्हाड घोड्यावर लादत होते. शेजारी साठसत्तर मेंढरं. त्यातल्या वीसेक मेंढ्यांची पोटं इतकी उतरली होती की आठवड्याभरात विणार, हे माझ्यासारख्या शाई-कागदवाल्यालाही कळावं. अशा मेंढ्या घेऊन कोण वाटेला लागतं? माझे पाय थांबले.

“कुठं निघालात रे?”

“येलदरीकडं,” गडी म्हणाला. त्याचं नाव उमाजी. “तुमीच काढलं की साहेब.”

“मी?”

“तुमच्या कागदानं. आबासाहेबांनी आत्ताच दाखिवला. म्हणले, सरकारनं लिहून दिलंय, विजेत काई खोट न्हाई. मंग खोट तुझ्यात हाय. दिवस बुडायच्या आत शीव सोड.”

मला काहीच उमजेना. मग त्यानं सांगितलं. खंडेनवमीला यंत्रांच्या पूजेसाठी आबासाहेबांनी त्याच्याकडं एडका मागितला होता. तो एडका बिरोबाला सोडलेला, म्हणून उमाजीनं नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी दसरा; आणि त्या दसऱ्यापासून एकही जनावर हौदाला धड तोंड लावेना. बैल मान लांब करायचे नि फुरफुरून मागं सरायचे. दोन महिने हेच. गाडीवाले म्हणायला लागले, जागा बाधली. निम्म्या गाड्या दुसऱ्या जिनिंगकडं वळल्या. करणी कुणी केली? एडका न देणाऱ्यानं.

“केलीस का?” मी विचारलं. खरंच विचारलं, मला जाणून घ्यायचं होतं.

उमाजीला राग आला नाही, हसूच आलं. “साहेब, माजी मेंढरं बी त्याच हौदावर पेत होती. सोताच्या मेंढरांवर कोण करणी करतंय?”

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं आणि आबासाहेबांच्याही आलं नव्हतं. भोवतालची सगळी रानं आबासाहेबांची, नाहीतर त्यांच्या भाऊबंदांची. मेंढरं रानात बसवायची, लेंडीखत द्यायचं आणि ज्वारी घ्यायची, यावर उमाजीचं पोट. आबासाहेबांनी नको म्हटलं की जवळचं रान संपलं. येलदरीची वाट तीन दिवसांची. तीन दिवसांत या वीसांतल्या किती गाभडतील, असं मी विचारलं तेव्हा उमाजी खाली बघत म्हणाला, “निम्म्या राहिल्या तरी लय झालं.”

माझ्या सहीचा असाही उपयोग होतो, हे मला इतक्या वर्षांत कुणी दाखवलं नव्हतं.

“चल,” म्हटलं, “मला ती मेंढी पाणी पीत नाही ते बघायचंय.”

आबासाहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. “खामखा कशाला साहेब? कागद झाला, शिक्का झाला.”

“कागद माझाच आहे. मी फक्त मेंढी बघणार.”

“ह्यो शीळ घालतो. इशारा करतो. त्याची मेंढरं त्याचंच ऐकणार.”

“मग त्याला इथं ठेवू नका.”

उमाजीला विहिरीपलीकडच्या गोदामात बसवलं, वर आबासाहेबांचाच माणूस राखणीला. त्याची बायको बानूबाई म्होरकी मेंढी आणि आणखी चार जणी घेऊन हौदापाशी आली. मोठ्या इंजिनाच्या धडधडीत विहिरीवरची मोटर चालू की बंद, हे हौदापाशी ऐकू येत नव्हतं. लिंबाजी मोटरच्या खटक्यापाशी उभा राहिला, आणि बानूबाईला दिसणार नाही अशा बेतानं मी रुमाल हलवला की त्यानं मोटर चालू करायची, असं ठरलं.

पहिल्यांदा मोटर बंद ठेवली. म्होरकीनं हुंगलं, अंदाज घेतला आणि प्यायला लागली. मी रुमाल हलवला. ओठ पाण्यात असतानाच तिनं मान अशी झटकली की पाणी माझ्या तोंडावर उडालं. मोटर बंद केली. बऱ्याच वेळानं भीतभीत पुन्हा प्याली. चालू केली, मागं उडाली. कापूस उतरवणारी माणसं काम टाकून भोवती जमली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! शाळेत असताना पहिल्यांदा लोहचुंबक हातात आलं होतं, तेव्हा झाला होता तेवढा.

“द्या तो रुमाल,” आबासाहेब म्हणाले.

त्यांनी मेंढीला फसवायचं ठरवलं होतं. खूप वेळ रुमाल हलवलाच नाही, इकडंतिकडं बघितलं, मिशी चोळली, मेंढी निवांत पीत राहिली. मग एकदम हलवला. मेंढी टुणकन उडाली ती थेट त्यांच्या धोतरावर. माणसं हसली, आणि आबासाहेबांनी रुमाल माझ्याकडं परत दिला.

पण मोटर चालू असताना मी हौदात हात बुडवला, तर काही नाही. नळ धरला. काही नाही. आबासाहेबांनी हात बुडवला, लिंबाजीला बोलावून त्याला बुडवायला लावला. तिघांनाही काही नाही. आबासाहेबांचा आवाज परत चढला.

“बगा साहेब! वीज असती तर माणसाला लागली नसती का? ही करणीच हाय. माणसाला न्हाई, जनावराला लागती.”

नियमानं तपासलं, नियमाबाहेर तपासलं, आणि तरी शहाणपण त्यांच्याच बाजूला दिसत होतं. गोदामाच्या दारातून उमाजी आमच्याकडं टक लावून बघत होता. तिकडं बघायचं मला धाडस होईना.

तेवढ्यात बानूबाई म्हणाली, “साहेब, मेंढराच्या पायात काय हाय?”

“म्हणजे?”

“तुमी तिघं बी जोडे घालून हाव. मेंढरू उघड्या पायानं हाय.”

मी खाली बघितलं. माझे रबरी तळाचे बूट, आबासाहेबांचे जाड चामड्याचे जोडे, लिंबाजीचे बूट. हौदाभोवती सगळा चिखल. ज्यांच्या शब्दाला किंमत, त्या तिघांच्याही पायात काही ना काही होतं. इतकी साधी गोष्ट एका बाईनं चारचौघांत सांगावी, याचा मला आधी रागच आला, आणि त्या रागातच मी दगडावर बसून बूट काढले, मोजे काढले. शहाण्या माणसानं पिशवीतला तपासणीचा दिवा काढला असता. मी चिखलात उतरलो. तळहातानं धरलं तर बोटं आवळून सुटत नाहीत, एवढं भान होतं, म्हणून हाताची पाठ नळाला लावली.

कोपरापर्यंत सणक गेली आणि मी चिखलात बसलो. भर हंगामात, शंभर माणसांदेखत, सरकारी तपासनीस.

“लागली!” मी ओरडलो. इतक्या आनंदानं विजेचा झटका कुणी खाल्ला नसेल.

मग मात्र दिवा काढला. त्याची एक तार नळाला लावली, दुसरी ओल्या जमिनीत खोचलेल्या लोखंडी पहारीला. भर उन्हात दिवा तांबूस पेटला. आबासाहेब वाकून त्याच्याकडं बघत राहिले.

मोटर उघडल्यावर सगळं सापडलं. आत जाणाऱ्या एका तारेचं वेष्टण झिजलं होतं. मोटर थरथरली की उघडी तार तिच्या अंगाला टेकायची नि वीज लोखंडी नळातून हौदापर्यंत जायची, मोटर थांबली की तार सुटायची. मी तपासली तेव्हा ती थांबलेली होती. पण तार टेकली तरी तांब्याच्या पट्टीनं वीज जमिनीत न्यायला हवी होती. ती का नेली नाही? बोल्ट सोडवला, तर पट्टीखाली तोच झकास लाल रंग, चांगला जाड.

“हा कधी दिला रे?”

लिंबाजीचा चेहरा उतरला. “खंडेनवमीला साहेब. पूजेसाठी. पट्टी सोडून खाली बी दिला, कुटं उघडं दिसू ने म्हणून. मंग परत कसली.”

रंगातून वीज जात नाही. लिंबाजीनं भक्तिभावानं पट्टीची वाट बुजवली होती, आणि मी त्याची पाठ थोपटली होती. चाकूनं रंग खरवडला, तार बदलली, पट्टी उघड्या लोखंडावर कसली. मोटर चालू केली. म्होरकी यायला तयार होईना. तिला चुचकारत आणावं लागलं. पण तोंड पाण्यात गेल्यावर तिनं ते काढलं नाही. मागून बाकीच्या आल्या.

मी आबासाहेबांपुढं हात केला. त्यांनी खिशातला कागद काढून दिला आणि मी तो तिथंच फाडला. त्यांनी उमाजीला हाक मारली. माफी मागायची त्या घराला सवय नसावी, ते दुसरीकडं बघत म्हणाले, “उमाजी, घोड्यावरचं उतरव. मेंढरं आमच्याच रानात बसव. तुझ्यावर उगं आळ घेतला.” एका गाभण मेंढीच्या पाठीवर हात ठेवून उमाजी उभा राहिला आणि पटक्याच्या शेवानं डोळे पुसले. माझेही भरून आले, ते मी लपवले नाहीत.

बानूबाई मात्र माझ्याकडं बघत होती.

“साहेब, मी इथंच रोजानं कामाला येते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीच मुकादमाला सांगितलं व्हतं, घागर बुडविताना मुंग्या चढतेत म्हणून. तो म्हणला, बायांला कामाचा आळस.”

“मग मला का नाही सांगितलंस? सकाळभर मी इथंच होतो.”

“तुमी इचारलं का?”

स्टेशनाकडून शिटी ऐकू आली. माझी गाडी सुटली होती. काहीतरी करायला हवं म्हणून मी खाली बसलो आणि मोज्यांतला चिखल झटकू लागलो.

“बूट राहू द्या साहेब,” ती म्हणाली. “आतमदी आमी चौदा जणी सरकी निवडाया बसताव. तिथं बी मुंग्या चढतेत अशी एक जागा हाय.”