झपाट्याची पाटी

लिंबायतच्या हिलालला दिव्यांचं असं काही वेड होतं की उधन्यात एका हळदीला त्याने लाइट लावला, तर शेजारच्या खुराड्यातले कोंबडे संध्याकाळीच आरवले आणि सकाळपाळीचे कारीगर डबे घेऊन कामावर निघाले. एका वरातीत त्याने निळा झोत आभाळात सोडला, तर सुरतेला उतरणारं विमान आधी वऱ्हाडावरून घिरटी घालून गेलं आणि आतल्या लोकांनी खिडकीतून नवरीला हात केला. हे सगळं हिलाल स्वतः सांगायचा, म्हणजे खरंच असणार.

दिवसा तो लूमच्या कारखान्यात मशीनं दुरुस्त करायचा आणि संध्याकाळ झाली की ‘हिलाल लाइट अँड साउंड’चा मालक व्हायचा. मालक, मुकादम, हमाल, सगळं तोच. त्याच्या ताफ्यात हिरवे-जांभळे झोत होते, फिरते गोळे होते, पण जीव होता तो एकाच दिव्यावर. दिल्लीहून मागवलेला तो पांढरा दिवा इतक्या वेगाने उघडझाप करायचा की समोर नाचणारा माणूस तुकड्यातुकड्यांनी नाचताना दिसायचा. हात इकडे, पाय तिकडे, डोकं मध्येच गायब. हिलालने त्याचं नाव ठेवलं होतं झपाटा. रोज तो पुसायचा, वर पिशवी घालून ठेवायचा. बायकोच्या साडीला कधी त्याने इतक्या मायेने इस्त्री केली नसेल.

आणि याच झपाट्याने गेल्या वर्षी घोटाळा केला.

खानदेशातून सुरतेला येताना लोकांनी भांडी आणली, अंथरुणं आणली आणि कानबाई आणली. श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी नारळाला नाक-डोळे काढून, नथ घालून, दागिन्यांनी मढवून आई चौरंगावर बसते. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेऊन रोट होतात, बायका आईसमोर गाणी म्हणतात, फुगड्या घालतात, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत आई तापीवर जाते. गेल्या वर्षी मंडपात फुगड्या रंगात आल्या होत्या आणि सगळ्यांत पुढे होती हर्षदा, हिलालच्या थोरल्या भावाची कॉलेजात जाणारी पोरगी. हर्षदाची फुगडी अशी की बघणाऱ्याला चक्कर यावी. हिलालला चेव आला, त्याने झपाटा सोडला. थोड्याच वेळात हर्षदा उभीची आडवी झाली, हातपाय झटकायला लागली.

“अंगात आलं! कानबाई माय आली व पोरीच्या अंगात!” मंगलाबाई ओरडल्या.

मंगलाबाई म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांत जुन्या. त्यांनी म्हटलं म्हणजे झालं. हर्षदाची आई रंजना “अगं, कुशीवर घ्या तिला, वारा येऊ द्या” म्हणून कंठशोष करत होती आणि इकडे पोरीच्या कपाळावर हळदीकुंकवाचा थर चढत होता. हर्षदा शुद्धीवर आली तेव्हा तिच्या पायाशी नारळांची रास आणि समोर बायकांची रांग. तिला धड काही आठवेना. ती एवढंच म्हणाली, “पाणी.”

“आईने पाणी दिलं गल्लीला!” मंगलाबाईंनी जाहीर केलं. आणि दुसऱ्या दिवशी, खोटं वाटत असेल तर गल्लीत विचारावं, नळाला असं पाणी आलं की तोटी उडून समोरच्या घरात पडली.

झालं. हर्षदाचं देऊळ झालं. कुणाला नोकरी हवी, कुणाला नातू हवा, बायका ती कॉलेजातून यायची वाट बघत ओट्यावर बसायला लागल्या. रंजनाने मात्र लेकीला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा आलेख काढला, गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, “बेन, आ माताजी नथी. आ लाइट छे.” काही जणांना अशा भराभर उघडझाप करणाऱ्या उजेडाने फिट येते, ही त्यातली. गोळी चुकवायची नाही, असा दिवा लागणार असेल तर आधीच लांब व्हायचं, आणि अचानक लागला तर एक डोळा तळहाताने गच्च झाकून तोंड फिरवायचं.

“ती बाई गुजराथी,” मंगलाबाई म्हणाल्या. “तिला अंबामाता कळेल. आपली कानबाई तिला काय कळणार?”

वर्ष फिरलं. कानबाई चार दिवसांवर आली आणि हिलाल झपाट्याची पिशवी काढून बसला, तेवढ्यात हर्षदा येऊन समोर उभी राहिली.

“काका, आई म्हणते, यंदा मंडपात झपाटा असेल तर मी वरच्या खोलीत. खिडकी लावून.”

“असं कसं? तुझ्याशिवाय फुगडी?”

“मग तू आधी सांगत जा ना! गेटवर पाटी लाव, की इथे असा दिवा लागणार आहे. लावायच्या आधी माइकवर सांग. मी बाजूला जाईन, तुझं झालं की परत येईन. लाइट लावू नको असं कुठे म्हणते मी?”

याच मंडपात बघून लोक पुढच्या लग्नांचे लाइट ठरवायचे. “अगं, विडीच्या बंडलावर छापतात तसं मी माझ्या दिव्यावर छापू? याने माणूस पडतो म्हणून? उद्या पांडेसऱ्याचा लाइटवाला सुकलाल गावभर सांगेल, हिलालच्या लाइटला डॉक्टर सोबत न्यावा लागतो!”

“माणूस पडतोच ना काका. मीच पडले.”

ती एवढंच बोलून गेली. हिलालने झपाटा पुसायला घेतला, पण त्यात त्याला स्वतःचंच तोंड दिसत होतं आणि ते काही फार बरं दिसत नव्हतं.

तेवढ्यात मंगलाबाई आल्या. हातात झाकलेलं ताट, त्यात ऊनऊन पुरणपोळ्या. मंगलाबाई फुकट कुणाला पाणीसुद्धा विचारत नसत, म्हणून हिलाल सावरून बसला.

“हिलाल, बेटा, यंदा झपाटा जरा जोरात ठेव.”

“का मावशी?”

“मना चेतनसाठी इचारनं शे रे आईले.” चेतन म्हणजे त्यांचा मुलगा. पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये चांगला कामाला, दिसायला राजबिंडा, पण मुलगी बघायला गेला की पोहे खाऊन तिथल्याच सोफ्यावर झोपायचा. एकदा म्हणे मुलीकडच्यांनी त्याला पांघरूण घातलं आणि ते सिनेमाला जाऊन आले. “हर्षदा समोर आली म्हणजे तू सोड तो दिवा. आई आल्याशिवाय राहायची नाही.”

हिलालचा घास हातातच राहिला. “म्हणजे पोरीला मुद्दाम पाडू मी?”

“पाडायचं कुठे? आणायचं!”

“मावशी, ती पडली तेव्हा तिची जीभ दातांत आली होती. आठ दिवस वहिनी तिला पेज पाजत होती.”

हे मंगलाबाईंना कुणी सांगितलंच नव्हतं. पण हार मानतील तर त्या मंगलाबाई कसल्या? “मग आईला विचारायचं कसं?” एवढं म्हणून त्या ताट तिथेच विसरून गेल्या. हिलालने पोळी खाली ठेवली आणि उठून पत्रा शोधायला लागला. पाटी रंगवायची तर होतीच. पण हिलाल रंगवणार म्हणजे साधी थोडीच रंगवणार!

रविवारी गल्लीच्या तोंडाशी पुरुषभर उंचीची पाटी उभी राहिली. लाल अक्षरं, बाजूने पिवळी वीज:

सावधान! आत झपाटा आहे! याच्या उघडझापीने फिट, चक्कर किंवा डोकेदुखी होऊ शकते. ज्याला असा त्रास आहे त्याने माइकवर सांगताच मंडपाबाहेर यावे. बाहेर खुर्च्या, पंखा व सरबत. आपला नम्र, हिलाल.

हर्षदाने पाटी वाचली आणि हसत हसत काकाच्या पाठीत धपाटा घातला. रंजनानेही वाचली. “भाऊ, माइकवर खरंच सांगाल ना?”

“कानबाईसमोर उभा आहे वहिनी. खोटं बोलेन का?” दुसरीकडे बोलला असता, हे दोघांनाही माहीत होतं.

आता पाटीची गंमत बघा. हिलालला भीती, की लोक पळतील. लोक पाटी वाचून आले! जिच्यापासून सावध राहायचं अशी वस्तू लिंबायतमध्ये पहिल्यांदाच आली होती. उधन्याचे आले, पांडेसऱ्याचे आले, चलथाणच्या साखर कारखान्यातून ट्रॅक्टर भरून आले. दिवेलागण होईतो गल्लीत इतकी गर्दी, की एका माणसाने खाजवायला हात वर केला तो पुढे त्याला खाली घ्यायला जागा मिळाली नाही. आणि पहिल्या रांगेत छाती काढून बसला होता खुद्द सुकलाल. “बघू तरी,” तो म्हणत होता, “याच्या दिव्यात एवढं काय आहे ते.”

आरती झाली. पिवळ्या शांत उजेडात फुगड्या सुरू झाल्या. हर्षदा मध्ये, वेणी गरगर फिरते आहे, रंजना बाजूला उभी राहून एक डोळा लेकीवर आणि एक हिलालवर ठेवून. पब्लिक ओरडायला लागलं, “झपाटा! झपाटा!”

हिलालने माइक घेतला. “ऐका हो! आता झपाटा लागणार. ज्यांना त्रास आहे त्यांनी बाहेर चला, घाई नाही, सगळे बाहेर पडल्याशिवाय मी बटण दाबणार नाही. वाटेत काही चमकलं तर एक डोळा तळहाताने झाका आणि तोंड फिरवा!”

हर्षदाने उजवा हात डोळ्यावर ठेवला, डावा कमरेवर, आणि झपाट्याकडे पाठ करून निघाली. पण कानबाईसमोरून साधं चालत जायचं कसं? ती ठेक्यात निघाली. एक पाऊल, एक गिरकी, एक पाऊल, एक गिरकी. तिची जोडीदारीण योगिता तिच्यामागे निघाली, तसाच एक डोळा झाकून. तिच्यामागे बायकांची रांग. पोरं निघाली. चलथाणचा ट्रॅक्टर निघाला. शेवटी मंगलाबाई निघाल्या, एक डोळा झाकून, दुसऱ्याने रांगेतल्या लग्नाच्या मुली बघत. ढोलवाल्याने बघितलं, की नाचणारे तिकडे, तोही गेला.

मंडपात उरले हिलाल, सुकलाल आणि आई.

हिलालने बटण दाबलं. रिकाम्या खुर्च्या तुकड्यातुकड्यांनी दिसायला लागल्या. खुर्च्या काही नाचत नाहीत. सुकलाल थोडा वेळ बघत राहिला, मग कपाळ धरून म्हणाला, “हिलालभाऊ, बंद कर रे. मला मळमळतंय. माझ्या लाइटसमोरही होतं असं. मला वाटायचं, चहा जास्त होतो.”

“पाटी वाचली नाहीस?”

“वाचली. पण मी लाइटवाला, मला कसं होईल?”

हिलालने झपाटा बंद केला, त्याला पिशवी घातली आणि माइकवर म्हणाला, “झपाटा संपला! आत या! आई एकटी बसली आहे!” मग त्याने सगळे पिवळे दिवे पेटवले, न लुकलुकणारे. रांग तशीच नाचत आत आली आणि हर्षदाने आईसमोर अशी फुगडी घातली की मंडपाचे बांबू तिच्याबरोबर अर्धा वेढा फिरले. ते अजून तिरके आहेत.

फुगडी थांबल्यावर मंगलाबाईंनी तिला गाठलंच. “पोरी, अंगात नसलं येत तर नको येऊ. पण आईसमोर उभी आहेस, तर शुद्धीत राहून सांग. मना चेतनले बायको कव्हय भेटी?”

“आजी, आधी त्याला जागं करा.”

मंगलाबाईंनी वळून पाहिलं. चेतन बाहेर, पंख्याखालच्या खुर्चीवर, सरबताचा पेला छातीवर ठेवून गाढ झोपला होता. शेजारी योगिता त्याला वारा घालत हसत होती. “आई पावली!” मंगलाबाई म्हणाल्या आणि तिकडे धावल्या.

पुढे लग्नसराईत लोक हिलालकडे यायचे आणि म्हणायचे, “लाइट कुठलाही लाव, पण पाटी पाहिजे. आणि ते डोळा झाकून नाचायचं सांगत जा.” सुकलालनेही पाटी करून घेतली, हिलालकडूनच.

पण ते नंतरचं. सोमवारी सकाळी कानबाईची मिरवणूक तापीवर निघाली. यंदा चौरंग हर्षदाच्या डोक्यावर होता आणि रंजना तिला धरून चालत होती. घाटाचं वळण आलं तशी ढगांतून उन्हं फुटली आणि सगळी नदी एकदम लखलखायला लागली, लाटेलाटेवर उघडझाप, उघडझाप. हिलाल ढोलवाल्यांना ढकलत, धोतरवाल्यांना ओलांडत पुढे पळाला, भोंगा तोंडाला लावला आणि ओरडला:

“सावधान! पुढे तापी आहे! आज जोरात आहे! एक डोळा झाका हो!”

हर्षदाचे दोन्ही हात चौरंगाला होते. रंजनाने आपला तळहात लेकीच्या डोळ्यावर ठेवला, तिला नदीकडे पाठ करून वळवलं, आणि एक डोळा झाकलेली अख्खी मिरवणूक उलट्या पावलांनी, गिरक्या घेत घाट उतरली.