हिरवा डाग

डाग आहे, असंच तिला वाटलं. धुण्याच्या दोरीच्या खांबावर, हनुवटीच्या उंचीला, गव्हाएवढा हिरवा ठिपका. पदराचं टोक ओलं करून तिने तो पुसला. जाईना. मग नखाने खरवडला, तेव्हा तो टचकन निघून तिच्या बोटावर आला आणि खांबावर पांढरा चिकट थेंब उभा राहिला.

चाळीस वर्षं लोकांचे कपडे धुतलेल्या बाईला डाग ओळखता आला नाही, असं कधी झालं नव्हतं. चहाचा, गंजाचा, शाईचा, तेलाचा. दहा पावलांवरून ती सांगायची, आणि डागाबद्दल कुणी खोटं बोलत असेल तर तेही सांगायची. गल्लीने तिचं नाव नीळबाई ठेवलं होतं. तिच्या हातची नीळ लागलेली पांढरी चादर उन्हात डोळे दिपवायची. पण हा डाग तिच्या ओळखीतला नव्हता. तिने मान वर केली. वीतभर वर आणखी दोन ठिपके होते, आणि त्यातला एक उंदराच्या कानासारखा उलगडला होता.

"मेल्या," ती खांबाला म्हणाली, "जिवंत आहेस होय."

खांब तुतीचा होता. आणि तुती टपालवाल्याची, म्हणजे तिच्या नवऱ्याची. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्याने ती मागच्या अंगणात लावली आणि तिथून घरात दोन पक्ष झाले. फळं धरली की पाखरं यायची, खायची ती खायची, आणि वर दोरीवरच्या धुण्यावर जांभळ्या सह्या करून जायची. लॉजच्या चादरी, दवाखान्याचे कोट, कशाला म्हणून सोडत नसत. तुतीचा डाग सासुरवासापेक्षा चिवट. ती सगळं दुसऱ्यांदा धुवायची आणि धुताना झाडाचा आणि झाड लावणाऱ्याचा उद्धार करायची. टपालवाला एवढंच म्हणायचा, या वर्षी राहू दे, पुढच्या वर्षी बघू. अशी एकतीस पुढची वर्षं गेली. थंडी सरताना एखाद्या सकाळी तो चहाचा कप घेऊन झाडाखाली उभा राहायचा आणि आत हाक मारायचा, "आली गं पालवी." ती पिळे पिळता पिळता म्हणायची, "येऊ दे. पाट मांडते तिला."

या थंडीच्या तोंडावर तो गेला. महिना झाला नाही तोच तिने लाकूडतोड्याला बोलावून तुती बुंध्यासकट उपटून काढली. डोळ्यांत टिपूस नाही. शेजारणी म्हणाल्या, बाईचं काळीज दगडाचं. तिने एक सरळ फांदी तेवढी ठेवून घेतली, कारण दोरीचा जुना बांबू चिरला होता. कपड्यांचं पाणी ठिबकतं तिथे हातभर खड्डा घेऊन ती रोवली. वैऱ्याकडून चाकरी करून घेतल्याचं समाधान काही कमी नव्हतं. चार महिने रोजच्या चादरींचं पाणी त्या खांबाच्या बुडाशी गळत होतं, ते मात्र तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

आणि आजच अंगणात फरशी बसायची होती. दोन दिवस फरशांची चळत फाटकापाशी येऊन पडली होती. धूळ नको, चिखल नको, पालापाचोळा नको. सून म्हणाली होती, आई, कोपऱ्यात सुपाएवढी तरी माती ठेवू या, पुदिना आहे, गुलाब आहे. सून चांगली होती, धुण्याला खांद्याला खांदा लावून उभी राहायची, बोलायची बेताचं. तरी नीळबाईने तिला तिथल्या तिथे धुऊन वाळत घातलं होतं. अंगण कपड्यांचं आहे, शेळ्यांचं नाही. एक बोट माती दिसायला नको, हा माझा शब्द.

तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. नणंदेशी बोलणार नाही म्हणाली, तर नऊ वर्षं बोलली नाही, समोरासमोर बसून जेवली तरी. बाई एकदा शब्द गिळायला लागली की घरात तिची अडगळ होते, हे तिने स्वतःच्या सासूच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलं होतं. खरं सांगायचं तर थोडा हातभारही लावला होता.

फाटक वाजलं. नीळबाईने बोटावरचा कोंब मुठीत मिटला.

फरशीवाला आला तो थापी, पाणसळ आणि सुताचा गुंडा घेऊन. त्याने अंगणावर नजर टाकली, आधी हा खांब काढू म्हणाला आणि दोन्ही हातांनी हलवायला लागला. खांब हलेना. त्याने खाली बसून बूड चाचपलं.

"मावशी, याने तर मुळं धरलीत. थांबा, कुदळ आणतो."

"हात काढ."

त्याने हात काढला. मग नीळबाईचं तोंड सुटलं. फरशीच्या कडा उडालेल्या आहेत, उतार चुकलाय, सगळं पाणी स्वयंपाकघरात शिरेल, आणि त्याचं सूत त्याच्या बापाच्या स्वभावासारखं वाकडं आहे, असं सगळं त्याने ऐकून घेतलं. धुण्याचा दगडही त्यानेच बसवला होता. या घरच्या कामात शिव्या धरूनच चालायचं, हे त्याला ठाऊक होतं. तिचा दम संपल्यावर तो शांतपणे म्हणाला, की फरशी तुम्हीच निवडलीत, उतार तुम्हीच सांगितलात, आणि एक बोट माती दिसायला नको हेही तुम्हीच.

"आता बसवू का जाऊ, तेवढं सांगा."

सून ओल्या कपड्यांची पाटी कमरेवर घेऊन दारात उभी होती. तिने खांबाकडे पाहिलं, मग सासूच्या मिटलेल्या मुठीकडे.  टोमणा मारला असता तर नीळबाईला बरं वाटलं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं.

मुठीत कोंब चिकट झाला होता.

"सूनबाई," ती म्हणाली, "इकडे ये. त्या दिवशी तू माती ठेवू म्हणत होतीस. किती?"

सुनेने पाटी खाली ठेवली. त्या दिवशी तिने सुपाएवढी मागितली होती. आज ती खांबापाशी गेली आणि तिथून पावलं टाकायला लागली. गुलाब ओलांडला, पुदिना ओलांडला, आणि पलीकडच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"एवढी."

"अर्धं अंगण गेलं की गं."

"हो, आई."

नीळबाईने तिच्याकडे नीट पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच पाहिल्यासारखं. मग ती फरशीवाल्याकडे वळली. "ऐकलंस ना? ती उभी आहे तिथे सूत धर."

"आणि तुमचा शब्द?"

"माझा शब्द आहे तिथेच आहे. आजपासून अंगण तिचं. तिथे तिचा शब्द चालणार."

हे ती गाठोडं हातात द्यावं इतक्या सहज बोलली. बोलून झाल्यावर हात एकदम हलके वाटले. ते बरं वाटतंय की वाईट, हे तपासत ती बसली नाही. धुणं खोळंबलं होतं.

"आई, पालवी आलीय," सून खांबापाशी येऊन हळूच म्हणाली.

"मला काय सांगतेस. सकाळीच बघितली."

खांबावरची दोरी तिने स्वतः सोडली. गाठ सोडायला दोन्ही हात लागतात, तेव्हा कुठे तिची मूठ उघडली. दोरीचं ते टोक ओढून तिने फाटकाच्या गजाला बांधलं. दोरी आता खांबाला न टेकता, चार बोटांवरून गेली. सुनेने आठवण करून दिली, की झाड वाढेल, फळं धरतील, पाखरं येतील आणि मग चादरी.

 नीळबाईने पाटीतलं धुणं निवडलं. पांढरं सगळं स्वयंपाकघराच्या बाजूला घातलं. मुलाच्या कारखान्याच्या गडद निळ्या विजारी आणि काळे टॉवेल खांबाच्या बाजूला. गडद कपड्यावर तुतीचा डाग दिसत नाही. एवढी साधी गोष्ट. एकतीस वर्षांत ती तिला सुचली नव्हती, आणि टपालवाल्याला सुचली असली तरी तो बोलला नव्हता.

शेवटचा चिमटा लावून ती तिथेच थांबली. मागे फरशीवाल्याची थापी वाजायला लागली होती. विजारीच्या पायातून पाणी गळत होतं, खांबापासून जरा बाजूला. तिने चिमटे काढले, विजार वीतभर सरकवली आणि थेंब बरोबर बुडावर पडतोय ना, ते बघत उभी राहिली.