सासूबाईंचा जड कोट

माझा धंदा कॉम्प्युटर दुरुस्तीचा. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक सांगतं, मी काहीच केलं नाही, ते आपोआप बिघडलं. हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. हल्ली मी समोरच्याचं पुढचं ऐकतच नाही, सरळ स्क्रू काढायला घेते. त्यामुळे सासूबाईंनी तेच वाक्य म्हटलं तेव्हा त्यांचंही पुढचं मी ऐकलं नाही. चुकलंच ते.

सासूबाईंनी चाळीस वर्षं कपडे शिवले. पुढे डोळ्यांनी दगा दिला, सुईत दोरा ओवेना, आणि दुकान बंद करावं लागलं. घरात बसून त्या इतक्या गप्प झाल्या की माझा नवरा घाबरला. त्याने त्यांना एका आभासी जगात खातं काढून दिलं. तिथे आपल्यासाठी एक शरीर निवडायचं, हिंडायचं, माणसांशी लिहून बोलायचं आणि हवं ते बनवायचं. सासूबाईंना तिथे कपडे बनवता येतात असं कळलं, आणि पडद्यावर टाका हवा तेवढा मोठा करता येतो हेही कळलं. झालं. आठ महिने बाई तिकडेच मुक्कामाला आहेत.

तक्रार अशी होती, की त्या तिकडच्या एखाद्या गर्दीच्या हॉलमध्ये शिरल्या की सगळं जग थिजायचं. पाय उचललेला माणूस पाय उचलूनच उभा राहायचा. मग एकेक जण नाहीसा व्हायचा. त्यांनी शिवलेल्या कोटाचं प्रदर्शन दोनदा असंच मोडलं होतं. आता तिसरं रविवारी चार वाजता होतं.

"या वेळी पण लोक उठून गेले तर मी समजेन, माझ्या कामात आता राम राहिला नाही," त्या शेंगा सोलता सोलता म्हणाल्या. "मग हेही बंद करून टाकू."

त्यांचा आवाज अगदी साधा होता. मला तो अजिबात आवडला नाही. मी त्याच संध्याकाळी त्यांचं मशीन उघडलं.

आठवडाभर मी त्या मशीनचे सगळे लाड केले. एक उशी भरेल एवढी धूळ काढली, घरघरणारा पंखा बदलला, मेमरी दुप्पट केली. वायफाय तीन भिंती ओलांडून येताना दमत होतं, म्हणून सरळ केबल टाकली. तिला अडखळून नवरा दोनदा पडला, पण दोन्ही वेळा केबल शाबूत राहिली. ग्राफिक्स कार्डाचं सॉफ्टवेअर नवं घातलं, साठलेला जुना कचरा पुसला, सावल्या बंद केल्या, लांबचं दिसणं कमी केलं. सासूबाई कुरकुरल्या, की तिकडच्या घराच्या खिडकीतून समुद्र दिसायचा तो गेला. मी म्हटलं, समुद्र हवा की स्पीड? त्यांनी तोंड वाकडं करून स्पीड घेतला.

एकट्या असल्या की त्या आता तिकडे हरणासारख्या पळायच्या. हॉलमध्ये शिरल्या की पुन्हा येरे माझ्या मागल्या. फक्त हॉलमध्येच होतं, असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, तेच मी कानाआड केलं होतं. रविवारी सकाळपर्यंत माझं डोकं पुरतं फिरलं होतं. मी ते जग, ते बनवणारे आणि त्यात राहणारे या सगळ्यांचा उद्धार केला. शेवटी दुसऱ्या खोलीत जाऊन माझ्याच कॉम्प्युटरवर एक खातं काढलं आणि स्वतः तिकडे गेले. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

हॉलमध्ये सासूबाई कुठे दिसेनात. मी भिंतीपलीकडे हाक मारली, "आई, कुठे आहात तुम्ही?"

"अगं, तुझ्या पुढ्यातच तर उभी आहे!"

माझ्या पुढ्यात एक करडा गोळा उभा होता. तोंड नाही, केस नाहीत, कपडे नाहीत. वर फक्त सासूबाईंचं नाव. मग माझी ट्यूब पेटली. एखाद्याच्या अंगावरचं सामान फारच जड असलं, तर समोरच्याचं मशीन ते पडद्यावर रेखाटायचा प्रयत्न करतं. दमलं की सोडून देतं आणि करडा आकार दाखवतं. त्या वजनाचा आकडाही पाहता येतो. माझा होता चार हजार. सासूबाईंचा साडेनऊ लाख.

मी हसत हसत त्यांच्या खोलीत गेले आणि त्यांना सगळं सांगितलं. लोक कोटाला कंटाळून गेले नव्हते, त्यांची मशीनं अडकून पडत होती. सासूबाई मात्र हसल्या नाहीत.

"म्हणजे माझा कोट कुणी पाहिलाच नाही?"

"नाही आई. एकानेही नाही."

मला एकदम फार वाईट वाटलं. मग मी त्यांच्या पडद्यावर तो कोट पाहिला, तोही पहिल्यांदाच. बावन्न बटणं, प्रत्येक वेगळं घडवलेलं. प्रत्येकाला चार भोकं, भोकांतून ओवलेला दोरा. आतून पूर्ण अस्तर, अस्तराला दुहेरी शिलाई, आतल्या खिशात घडी घातलेला रुमाल. रुमालाला पण काठ!

सगळं वजन याचंच आहे, हे आतलं कोण बघणार, असं मी विचारलं. उलटी बाजू नीट नसेल तर तो कपडा नव्हे, फडकं, असं उत्तर आलं. मी आवाज चढवला, त्यांनी त्याहून चढवला. दीड वाजला तरी अस्तराचा एक टाका हलला नव्हता. मग त्या उठल्या, पाणी प्यायल्या आणि परत येऊन बसल्या.

"दुकानाच्या काचेत माझा पुतळा असायचा, आठवतो? त्याच्या अंगातल्या कोटाला पाठच नव्हती. मागून टाचण्या लावलेल्या, अस्तर नाही, बाह्यांत कागद कोंबलेले. वीस वर्षांत कुणाला कळलं नाही. तो बघायचा कोट होता गं. मी इथे घालायचा कोट शिवत बसले."

आणि मग बाईंनी स्वतःच कात्री चालवली. अस्तर गेलं, खिसा गेला, रुमाल गेला. बटणांचं चित्र काढून ते कापडावरच कसं चिकटवायचं ते मी दाखवलं. त्यांनी एकेका बटणाखालची सावली तपासली आणि तीन मला पुन्हा करायला लावली. गळ्याजवळचं एक खरं बटण त्यांनी ठेवलंच. मीही वाद घातला नाही. चारला दहा कमी असताना आकडा अडतीस हजारांवर आला.

चार वाजता मी माझ्या खोलीतून हॉलमध्ये गेले. तीसएक माणसं जमली होती. सासूबाई एका टोकाने शिरल्या, दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या, वळल्या, आणि कुणाचाही पाय हवेत अडकला नाही. कोट गडद निळा होता आणि चालताना त्याचा घेर हलत होता. मग प्रदर्शन भरवणाऱ्या बाईंनी लिहिलं, "आठ महिने ओळखते तुम्हाला. आज पहिल्यांदा पाहिलं."

त्याखाली भराभर ओळी येऊ लागल्या. पुन्हा वळा, बाही दाखवा, असला मला मिळेल का, मलाही. मी धावत त्यांच्या खोलीत गेले. त्या चष्मा हातात घेऊन बसल्या होत्या, डोळे भरलेले.

"काय लिहू गं?"

मी म्हटलं, आभार माना, बस्स. त्यांनी चष्मा पुसला, चढवला आणि एका बोटाने अक्षर अक्षर शोधत लिहिलं, "उद्या सकाळी मापं द्यायला या."