नदीची रविवारची सुट्टी

माझी मुलगी नदीवर लाइफगार्ड आहे. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. भाजीवाल्याला सांगून झालंय, दाताच्या डॉक्टरांना तर तोंडात त्यांची हत्यारं असतानाच सांगितलं. आमचे हे म्हणतात, "आता नदीतल्या माशांनाच सांगायचं राहिलंय." राहू दे. अकरा वर्षं नदीचं पाणी मोजणारी बाई मी, आणि मला चुकीचं ठरवलं ते याच मुलीनं. म्हणून तर सांगत सुटते.

पाणी मोजणं हे माझं व्रत. अकरा वर्षांपूर्वी, वसंतातल्या एका लख्ख दुपारी, शेजारणीचा जावई पुलाजवळ पाण्यात उडी मारून गेला तो गेलाच. पट्टीचा पोहणारा होता. डॉक्टर म्हणाले, हवा गरम असली तरी पाणी बर्फाचं होतं. अंगाला लागताच त्यानं दचकून श्वास घेतला आणि त्या श्वासाबरोबर पाणी आत गेलं. त्या संध्याकाळी मी देवासमोर बसून ठरवलं. रोज सकाळी नदीवर जायचं, पाणी मोजायचं, पायऱ्यांवरच्या फळ्यावर आकडा लिहायचा, मगच घास तोंडात घालायचा. आणि लिहायचा तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलाच आकडा. आमचे हे घड्याळजी. त्यांनी थर्मामीटरला तारेची जाळी करून दिली, दोरी बांधून दिली. शेवटच्या पायरीवर उभं राहून मी दोरी सोडते, मनातल्या मनात एक प्रार्थना म्हणते. प्रार्थना संपेपर्यंत पारा स्थिर झालेला असतो.

अकरा वर्षांत नदीचा स्वभाव कळला. जानेवारीत चार अंश, ऑगस्टच्या शेवटी एकवीस. ऑक्टोबरात माणसं कपाटातून स्वेटर बाहेर काढतात तेव्हाही पाण्यात उन्हाळा शिल्लक असतो. धोका एप्रिल-मे महिन्यांत. ऊन बघून माणसं कपडे उतरवतात, पण उन्हाचा निरोप पाण्याला महिनाभर उशिरा पोचतो. वरच्या डोंगरांतला बर्फ तर तेव्हाच वितळून खाली येत असतो. लोक मला पाणीकाकू म्हणू लागले. फळ्यावर बारा दिसलं की आया पोरांचे कान धरून घरी नेत. पोहण्याच्या क्लबानं तर नियमच केला: काकूंच्या फळ्यावर चौदाच्या खाली आकडा असला तर मुलांची शर्यत नाही.

यंदा शर्यत एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी होती. त्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळी बेडकी माझ्या वह्या घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली होती. बेडकी म्हणजे माझी मुलगी. चालायच्या आधी पोहली म्हणून तिच्या वडिलांनी ठेवलेलं नाव. क्लबात नोकरीला लागून तिला जेमतेम तीन महिने झाले होते.

"आई," ती म्हणाली, "नदी रविवारी सुट्टी घेते का गं?"

"म्हणजे?"

"हे बघ. शनिवार पंधरा. रविवार नऊ. सोमवार पंधरा. मागच्या आठवड्यात तेच. त्याच्या मागच्या आठवड्यातही तेच. सप्टेंबरपासून दर रविवारी पाणी धपकन खाली आणि सोमवारी पुन्हा वर."

मला ते दिसलं नव्हतं असं नाही. रविवार म्हणजे देवाघरचा शांत दिवस, नदीही निवांत होत असेल, असं काहीतरी मी मनाशी म्हटलं होतं. आता मोठ्यानं सांगायची लाज वाटली.

"सप्टेंबरात काय सुरू झालं, सांग," बेडकी म्हणाली.

आमच्या ह्यांनी भिंगावरून मान वर केली. "लाँड्री."

बरोबर. पायऱ्यांच्या वरच्या अंगाला हॉस्पिटलांच्या चादरी धुणारी मोठी लाँड्री सुरू झाली होती. पहाटे पाचला यंत्रं चालू होतात. धुऊन उरलेलं कोमट पाणी पाण्याखालच्या पाइपातून नदीत येतं आणि काठाकाठानं माझ्या पायरीपाशी येऊन साचतं. रविवारी लाँड्री बंद.

"म्हणजे माझा आकडा खोटा?" मी विचारलं.

"आकडा खरा आहे गं. जागा खोटी आहे. मुलं पायरीवर थोडीच पोहणार आहेत? त्यांना मधली धार ओलांडायचीय. मी आज होडीतून मोजलं. साडेनऊ."

मी उठून भांडी घासायला घेतली. घासलेलीच पुन्हा घासली. यंदा हिवाळा सौम्य आहे असं मीच सगळ्यांना सांगत फिरले होते. सात महिने! फळा बघून कुणी पाण्यात उतरलं असतं तर? माझ्याच अक्षराकडे बघून?

शुक्रवारी बेडकी क्लबाच्या मास्तरांकडे गेली. मास्तर निवृत्त व्यायामशिक्षक, माणूस वाईट नाही, पण एकदा शिट्टी तोंडात धरली की कान बंद. ती घरी आली तेव्हा चेहरा उतरलेला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, बेडकीला थंडी वाजायला लागली की काय! साठ मुलं येणार, तीन शाळांच्या बस ठरल्यात, आणि कालची पोर मला नदी शिकवणार? फळ्यावर चौदाच्या वर असलं की शिट्टी वाजणार. नियम म्हणजे नियम." तिनं चपला काढल्या. "आणि म्हणाले, तुझ्या आईचा शब्द मोडायला तुला काही वाटत नाही का?"

"मग?"

"मग मी म्हटलं, वाटतं. पण पाण्याला नाही वाटत."

मला काय झालं सांगू? रडू यायला हवं होतं, आणि छाती फुगली. पण तिनं माझ्याकडे काही मागितलं नाही. उद्या दहा लिही असं एका शब्दानं म्हणाली नाही. तिला माझं व्रत माहीत होतं.

शनिवारी सकाळी पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. टॉवेल, पिशव्या, डब्यांचे वास, टोप्या घातलेली मुलं. ऊन असं की कुणालाही पाण्यात उतरावंसं वाटावं. मी दोरी सोडली. प्रार्थना संपली. सोळा.

"लिहा काकू, लिहा!" मास्तर वरून ओरडले. "तुमच्या खडूसाठी सगळं गाव खोळंबलंय."

खडू हातात होता. सोळा मी डोळ्यांनी पाहिलं होतं, पण ते नदीचं नव्हतं हे मला कळलं होतं. साडेनऊ नदीचं होतं, पण ते मी पाहिलं नव्हतं. लेकीवर विश्वास होता, तरी ऐकलेला आकडा फळ्यावर लिहायचा म्हणजे व्रत कसलं? खाली बेडकी होडी धरून उभी होती. माझ्याकडे बघत नव्हती, मुद्दाम.

मी खडू पदरात खोचला आणि खाली उतरले.

"मला मध्ये ने."

"आई, तुला पोहता येत नाही."

"तुला येतं ना?"

तिनं लाइफ जॅकेट माझ्या अंगावर चढवलं आणि पट्टे इतके आवळले की देवाचं नाव बाहेर यायलाही जागा उरली नाही. तेवढ्यात मास्तर उडी मारून मागे बसले. "मीही येतो. मायलेकींनी संगनमत केलं तर साक्षीदार नको?"

अकरा वर्षं मी नदीकडे बघितलं होतं, नदीवर कधी गेले नव्हते. होडी डुलली की मी दोन्ही हातांनी फळी धरायचे. बेडकी मात्र अशी वल्हवत होती जणू स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसलीय. धारेच्या मध्यावर तिनं होडी प्रवाहाकडे वळवून धरून ठेवली. मी दोरी सोडली. प्रार्थनेचे शब्द एकदा चुकले, पुन्हा पहिल्यापासून म्हटले. वर काढून पाहिलं. साडेनऊ. पुन्हा सोडलं. साडेनऊ. तिसऱ्यांदा मास्तरांनी स्वतः सोडलं.

"थर्मामीटर बिघडलाय," मास्तर म्हणाले.

"मग हात घाला," बेडकी म्हणाली. "बाही वर करा आणि कोपरापर्यंत. मी मोजते. फक्त तीन मिनिटं."

मास्तरांनी बटण काढलं, हात बुडवला, आणि "हा!" असा त्यांचा श्वास आपोआप आत ओढला गेला. दीड मिनिटात हात बाहेर. लाल झालेला. त्यांनी बाही खाली केली आणि बटण लावू लागले. लागेना. बोटं बटणाभोवती नुसतीच फिरत होती, दुसऱ्या कुणाची असावीत तशी.

"अशाच बोटांनी मुलांनी मी फेकलेला दोर धरायचा," बेडकी हळूच म्हणाली. "आणि तो पहिला श्वास पाण्याखाली घ्यायचा."

बटण शेवटी मीच लावून दिलं.

काठावर येऊन मी फळा पुसला. लिहिलं: मधली धार, साडेनऊ. खाली लिहिलं: सप्टेंबरपासूनचे आकडे पायरीचे आहेत, नदीचे नाहीत. चूक माझी. मास्तरांनी शिट्टी वाजवली ती शर्यत पाच आठवडे पुढे ढकलण्यासाठी. कुरकुर झालीच. एक बाई लेकीची टोपी काढता काढता तणतणली, "सात महिने चुकीचं लिहिलंत, आणि वर हसताय काय काकू?"

खरंच, मी हसत होते. पोटात अन्नाचा कण नव्हता, पाय अजून होडीसारखे डुलत होते, आणि अख्ख्या गावासमोर माझी चूक माझ्याच अक्षरात लिहिलेली होती.

"कुणी शोधून काढली, ते विचारा ना," मी म्हटलं.

बाईंनी विचारलं नाही.

मी तरी सांगितलं.